सरकत्या पानाचा इतिहास

पुण्याहून पूर्वेकडे निघालेली आगगाडी १८५८ सालच्या डिसेंबरांत डिकसळपर्यंत धावूं लागली, तेव्हां दौंड हें तिच्या वाटेवरचें एक गांव होतें. पुढें वीस वर्षांनीं, १८७८ सालीं, दौंडाहून अहमदनगरवरून, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरावरून, मनमाडास जाणारा मार्ग खुला झाला आणि दौंडाचें जंक्शन बनलें. या दोन्ही मार्गांचे रूळ सारख्याच रुंदीचे, साडेपांच फुटांचे होते. त्यामुळें एका मार्गावरील डबा दुसऱ्यावर बिनदिक्कत जाई. १९१४ सालीं मात्र दौंडाहून बारामतीस जी गाडी जाऊं लागली तिचे रूळ अवघे अडीच फुटांचे होते. बारामतीहून आलेलें पोतें दौंडास उतरवावयाचें, पाठीवर घ्यावयाचें आणि दुसऱ्या डब्यांत चढवावयाचें, हा उद्योग त्या दिवसापासून सुरू झाला. यांत मोठी गाडीहि निर्दोष होती आणि लहान गाडीहि निर्दोष होती. दोघींची गांठ जेथें पडे तेथें मात्र हमालाची पाठ वांके, वेळ जाई आणि माल खोळंबे. बारामतीचा मार्गहि पुढें रुंद करण्यांत आला, तेव्हां कोठें ही उतरचढ संपली.

शिरूर गांवास आगगाडी आली नाहीं. घोडनदीच्या कांठचें हें गांव पुणें-नगर रस्त्याच्या आधारानें वाढलें. परंतु दौंड आणि शिरूर या शेजारच्या दोन्ही तालुक्यांना आतां एक तिसराच मार्ग येऊन मिळाला आहे, आणि तो म्हणजे इंटरनेट. सातबाराचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, परीक्षेचा निकाल, रांजणगांवच्या किंवा कुरकुंभच्या कारखान्यांतील नोकरीची जाहिरात, गाड्यांचें वेळापत्रक, हें सारें मोबाईलच्या वीतभर पडद्यावर येतें. या मार्गावरहि रुळांच्या रुंदीसारखाच एक घोळ पंचवीस-तीस वर्षें चालत आला. तो फारसा कोणाच्या कानीं गेला नाहीं, कारण त्याचा विषय बोटाच्या एका अगदीं साध्या हालचालीपुरता होता. पडद्यावर न मावणारें पान बोटानें वर ढकललें असतां तें किती सरकावें, कोठें थांबावें, त्याचा कोणता भाग हलावा आणि कोणता जागच्या जागीं राहावा, एवढाच काय तो प्रश्न. पानें दाखविणारीं जीं साधनें आहेत, ज्यांना ब्राउझर म्हणतात, त्यांपैकीं प्रत्येकानें या प्रश्नाचें उत्तर आपापल्या परीनें दिलें. आणि हीं उत्तरें जुळवितां जुळवितां एक पिढी गेली.

सरकत्या मजकुराची कल्पना मुळांत नवी नाहीं. आपल्याकडे जन्मपत्रिका हातभर लांब कागदावर मांडून गुंडाळून ठेवीत. मोडी पत्रांतहि मजकूर वाढला म्हणजे कागदाच्या पट्ट्या एकाखालीं एक डकवून तो पुरा करीत. वाचणारा एका हातानें उलगडी आणि दुसऱ्या हातानें गुंडाळी. उलट पोथीचें पान सुटें आणि ठराविक मापाचें असे. पुढें छापखाना आला, आणि पानाचें माप हा कायमचा करार ठरला. दौंड तालुक्यांतील केडगांवास पंडिता रमाबाईंनीं मराठींत केलेलें बायबलाचें भाषांतर तेथल्याच मुक्ति मिशनच्या छापखान्यांत छापलें गेलें व त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. त्याची कोणतीहि प्रत घ्या. अमुक ओळ अमुक पानावर अमुक ठिकाणींच सांपडेल. जुळाऱ्यानें खिळे एकदां बसविले कीं वाचकाच्या हातीं काय पडणार याविषयीं शंका उरत नसे.

टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञानें १९९० सालीं जिनीव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेंत वेब रचलें, तेव्हां त्यानें हा करार जाणूनबुजून मोडला. वेबच्या पानास मापच नाहीं. मोठ्या पडद्यावर तें रुंद होतें, लहानावर अरुंद आणि लांब होतें, आणि जें मावत नाहीं तें खालीं लोंबत राहतें. वाचकानें तें सरकवून पाहावें. गुंडाळी परत आली, एवढेंच नव्हे तर प्रत्येकाच्या हातीं ती निराळ्या रुंदीची आली. ही सोय फार मोठी होती. तिच्यावांचून आज मोबाईलवर वेब वाचतां आलें नसतें. परंतु गुंडाळी कशी फिरावी हें ठरविण्याचें काम कोणाकडेच सोंपविलेलें नव्हतें.

पानाच्या रूपाचे नियम पानाच्या मजकुरापासून वेगळे ठेवावे, ही सूचना हाकोन व्हियुम ली या नॉर्वेच्या गृहस्थानें १० ऑक्टोबर १९९४ रोजीं मांडली. बर्ट बोस हा डच संशोधक त्यास येऊन मिळाला. दोघांच्या खटपटींतून जी नियमावली निघाली ती कॅस्केडिंग स्टाइल शीट्स, म्हणजेच सी-एस-एस. अक्षर केवढें, रंग कोणता, समास किती, हें सारें तींत सांगावयाचें. तिची पहिली आवृत्ति डब्ल्यू-थ्री-सी या प्रमाणें ठरविणाऱ्या संस्थेनें १७ डिसेंबर १९९६ रोजीं मान्य केली. त्या आवृत्तींत सरकण्याविषयीं जवळजवळ काहींच नव्हतें. १९९८ सालच्या मे महिन्यांत दुसरी आवृत्ति निघाली, तींत मात्र ‘ओव्हरफ्लो’ नांवाचा एक नियम आला. एखाद्या चौकटींत मजकूर मावेनासा झाला तर काय करावें? तो बाहेर सांडूं द्यावा, कापून टाकावा, सरकविण्याची पट्टी नेहमींच दाखवावी, किंवा गरज पडेल तेव्हां दाखवावी, असे चार पर्याय त्या नियमानें दिले.

हा नियम नीट वाचला म्हणजे त्यानें काय सांगितलें यापेक्षां काय सांगितलें नाहीं हेंच अधिक डोळ्यांत भरतें. पट्टी केवढी जाड असावी? तिनें मजकुराची जागा अडवावी कीं मजकुराच्या वर तरंगावें? आंतल्या चौकटीचा शेवट आला असतां बाहेरचें पान सरकूं लागावें कीं न लागावें? यांपैकीं एकाचाहि निर्णय नव्हता. नियम करणाऱ्यांना याबद्दल फारसा दोष देतां येत नाहीं. त्या काळीं सरकविणें म्हणजे कडेच्या पट्टीवर माऊसनें टिचकी मारणें. चाकाचा माऊससुद्धां मायक्रोसॉफ्टनें १९९६ सालीं बाजारांत आणलेला. त्या पट्टीचा मालक संगणकाची मूळ प्रणाली, पानाचा लेखक नव्हे, अशी सर्वांची समजूत होती.

मग ब्राउझरांची लढाई जुंपली. नेटस्केपचा पाडाव झाला आणि या शतकाच्या आरंभीं दहांतील नऊहून अधिक वाचक मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररनें वेब पाहूं लागले. सत्ता एकाची झाली म्हणजे सारखेपणा आपोआप येईल, असें कोणासहि वाटावें. एका अर्थीं तो आलाहि. परंतु ऑगस्ट २००१ मध्यें सहावी आवृत्ति काढल्यावर त्या ब्राउझरानें सातवी काढावयास ऑक्टोबर २००६ उजाडविला. पान सरकत असतां एखादा भाग जागच्या जागीं स्थिर ठेवण्याची तरतूद १९९८ च्या नियमांत स्वच्छ लिहिलेली होती. ती या ब्राउझरांत आली सातव्या आवृत्तीबरोबर, म्हणजे आठ वर्षांनीं. तोंवर पानें रचणाऱ्यांनीं काय करावें? वाचकानें पान थोडें सरकविलें कीं शीर्षकाची पट्टी पुन्हां वर ओढून नेणारे छोटे छोटे प्रोग्राम लिहावे, आणि ती पट्टी दर ओळीस गचके खात वर जातांना पाहावी. उलट त्याच कंपनीनें सरकपट्टीस हवा तो रंग देण्याची हौस २००० सालींच पुरी केली होती, जी कोणी मागितली नव्हती. अनेक पानांच्या कडेला जांभळ्या नि पोपटी पट्ट्या लागल्या. एकहातीं सत्तेच्या काळांत सारखेपणा येतो तो असा: नियमाचें पालन मालकाच्या सवडीनें, आणि हौसेची अंमलबजावणी ताबडतोब.

याच काळांतील एक घोटाळा इतका विचित्र आहे कीं तो सविस्तर सांगितला पाहिजे. वेबच्या पानाचे दोन थर असतात; सर्वांत बाहेरचा मूळ थर, आणि त्याच्या आंत मजकुराचा थर, ज्यास ‘बॉडी’ म्हणतात. पान सरकतें तेव्हां यांपैकीं नेमकें कोण सरकतें? वाचकाच्या दृष्टीनें दोन्ही एकच. परंतु प्रोग्राम लिहिणाऱ्यास ‘पान किती सरकलें आहे’ हें विचारावयाचें असेल तर कोणाला विचारावें, हें ठाऊक असावें लागतें. जुन्या ढिलाईच्या काळांतील ब्राउझर म्हणत, बॉडीला विचारा. नियमाप्रमाणें चालणारे म्हणूं लागले, मूळ थराला विचारा. आणि ज्या घराण्यांत सफारी नि पुढें क्रोम निपजले त्या घराण्यानें, पान जुन्या वळणाचें असो कीं नव्या, उत्तर देण्याचें काम बॉडीकडेच ठेवलें. चुकीच्या थरास विचारलें तर ‘चूक’ असा शब्द येत नसे. ‘शून्य’ असें शांतपणें उत्तर येई. पान हातभर खालीं गेलेलें असावें आणि ब्राउझरानें सांगावें कीं तें हललेंच नाहीं! यावर प्रोग्रामवाल्यांनीं तोड काढली ती अस्सल व्यवहारी होती: दोघांनाहि विचारावयाचें आणि येणाऱ्या उत्तरांची बेरीज करावयाची, कारण दोहोंपैकीं एक शून्य असणार हें नक्की. पान हलवावयाचें असेल तर हुकूमहि दोघांना द्यावयाचा. लक्षावधि पानांत ही दुहेरी विचारपूस लिहिली गेली. शेवटीं ‘सरकणारा थर कोणता तो तूंच सांग’ असें ब्राउझरासच विचारण्याची सोय नियमांत झाली, आणि क्रोमनें आपलें जुनें वळण २०१७ सालीं सोडलें.

उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या उर्दू-अरबी पानांची कथा याहून दयनीय आहे. आडव्या सरकण्यांत शून्य कोठें धरावें आणि आंकडा वाढत जावा कीं उणे होत जावा, याच्या तीन निरनिराळ्या रीति तीन ब्राउझरांनीं चालविल्या. क्रोमनें प्रमाण रीति पत्करली ती २०२० सालीं. ज्या भाषेचे वाचक प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या शेजारीं बसत नाहींत तिच्या अडचणीची दाद अशीच सावकाश लागते. देवनागरीच्या वाचकांना हें निराळें सांगावयास नको.

२००७ सालीं आयफोन आला आणि या सगळ्या प्रकरणाचा पायाच बदलला. आतां पट्टी नाहीं, चाक नाहीं. बोट प्रत्यक्ष पानावर. बोट उचललें तरी पान कांहीं अंतर आपल्या वेगानें जाई, आणि शेवट गांठला म्हणजे रबरासारखें ताणून परत येई. हें फार मोहक होतें. पण याच फोनांत पानाच्या आंत एखादी वेगळी सरकणारी चौकट असेल तर ती एका बोटानें हलत नसे. दोन बोटें लावावीं लागत. आणि हें कोणास ठाऊक असणार? हजारो वाचकांना त्या चौकटींतील खालचा मजकूर आहे हेंच कळलें नसेल. २०११ सालीं एका बोटाची सोय झाली. पण सहज वाहती गति हवी असेल तर ॲपलचा खास शब्द पानांत लिहावा लागे, जो प्रमाण नियमावलींत कोठेंच नव्हता. तो अनावश्यक झाला २०१९ सालीं. त्याच २०११ सालीं ॲपलनें आपल्या संगणकांवर सरकपट्टी अदृश्य केली आणि सरकण्याची दिशाहि उलटी केली. विंडोजवरील पट्टी मात्र पंधरा-सतरा ठिपके जाड राहून मजकुराची जागा खात राहिली. एकच पान एकीकडे नीट बसे, दुसरीकडे तेवढ्याच ठिपक्यांनीं डावीकडे उडी मारी.

रबरासारख्या त्या ताणाचें पेटंट ॲपलजवळ होतें, आणि ऑगस्ट २०१२ मध्यें कॅलिफोर्नियांतील ज्यूरीनें सॅमसंगविरुद्ध जो कौल दिला त्यांत या पेटंटाचाहि समावेश होता. बोटाखालीं पान कसें वागावें हा प्रश्न कोर्टांत गेल्यावर नियमावलींत एकवाक्यता होणें सोपें नव्हतें, हें उघड आहे.

शिरूर-दौंडच्या वाचकाशीं ज्यांचा प्रत्यक्ष संबंध पोहोंचतो अशा दोन गोष्टी मात्र मोबाईलांतून निघाल्या. त्यांपैकीं पहिली पडद्याच्या उंचीची. ‘ही चौकट पडद्याइतकी उंच असावी’ असें सांगण्याचें एक माप सी-एस-एस मध्यें आलें. पण मोबाईलवर पडद्याची उंची म्हणजे काय? वर पत्त्याची पट्टी असते, ती पान खालीं वाचूं लागल्यावर लपते, आणि उलट सरकविल्यावर परत येते. म्हणजे उंची घटकेघटकेस बदलते. माप त्याबरोबर बदलूं दिलें तर वाचतां वाचतां पान उसळी मारतें. म्हणून सफारीनें पट्टी लपलेली असतांनाची, म्हणजे मोठी उंची, कायम धरली, आणि २०१७ सालीं अँड्रॉइडवरील क्रोमनेंहि तेंच केलें. दोघांचें एकमत झालें खरें, परंतु त्याचा परिणाम असा कीं पान प्रथम उघडतें तेव्हां तळचा बोटभर भाग पडद्याखालीं दडून राहतो. आणि तळाशीं काय असतें? बहुधा ‘पुढें जा’ किंवा ‘अर्ज सादर करा’ हें बटण. मेजावरील मोठ्या पडद्यावर पान रचणाऱ्यास तें स्वच्छ दिसत असतें. शेतकऱ्यानें नांव, गट नंबर, खातें क्रमांक सर्व भरावें आणि अर्ज पाठवावयाचें बटण मात्र दिसूं नये, हा प्रसंग केवळ उंचीच्या एका व्याख्येमुळें येऊं शकतो. उपाय म्हणून तीन वेगळालीं मापें करण्यांत आलीं: पट्टी असतांनाची लहान उंची, नसतांनाची मोठी उंची, आणि बदलत जाणारी चालती उंची. सफारी, फायरफॉक्स आणि क्रोम या तिघांनींहि तीं एकाच वर्षांत, २०२२ सालीं, स्वीकारलीं.

दुसरी गोष्ट शेवटाला पोहोंचल्यानंतरची. लांबलचक यादी एका चौकटींत आहे. तिच्या टोकाला गेल्यावर बोट तसेंच ओढलें तर बाहेरचें पान सरकूं लागतें. वरच्या टोकाला असतां खालीं ओढलें तर अँड्रॉइडवर पान पुन्हां पहिल्यापासून उघडण्याची सोय होती, आणि ज्याचा अर्ज निम्मा भरून झाला आहे त्याच्यासाठीं ती सोय नव्हे, संकट होतें. भरलेलें सारें पुसलें जाण्याची धास्ती. ‘येथल्या हालचालीनें बाहेरचें हलवूं नये’ असें सांगणारा नियम क्रोमनें २०१७ च्या डिसेंबरांत आणला, फायरफॉक्सनें तीन महिन्यांत उचलला, आणि सफारीनें सप्टेंबर २०२२ मध्यें. आयफोनवर इतर नांवांचे ब्राउझर मिळत, पण ॲपलच्या अटीप्रमाणें त्या सर्वांच्या पोटांत सफारीचेंच यंत्र असे. त्यामुळें सफारीची वाट पाहण्यावांचून गत्यंतर नव्हतें.

नियम आधीं आणि अंमल मागून, असें नेहमींच घडलें नाहीं. कधीं कधीं अंमल आधीं झाला आणि नियमच मागून फिरला. सरकविलेलें पान अर्धवट न थांबतां एखाद्या चित्राच्या किंवा प्रकरणाच्या कडेला नेमकें येऊन बसावें, या युक्तीचें उदाहरण घ्यावें. मायक्रोसॉफ्टनें ती २०१२ सालीं आपल्या ब्राउझरांत घातली. २०१५ सालीं फायरफॉक्स नि सफारी यांनीं नियमाच्या तत्कालीन मसुद्याप्रमाणें ती केली. मग मसुदा बदलला. क्रोमनें थांबून नवा मसुदा २०१८ सालीं अमलांत आणला आणि फायरफॉक्सनें आपली जुनी रचना टाकून २०१९ सालीं नवी घेतली. मधल्या काळांत पान रचणाऱ्यांनीं दोन्ही भाषांत एकच गोष्ट दोनदां लिहिली. उडी न मारतां संथपणें सरकण्याचा जो दुसरा नियम आहे तो फायरफॉक्सनें २०१५ सालीं, क्रोमनें २०१७ सालीं आणि सफारीनें मार्च २०२२ मध्यें घेतला. पहिल्या आणि शेवटच्या यांत सात वर्षें! पायपुसण्याएवढ्या सोयीसाठीं सात वर्षें म्हणजे फार झालीं, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या विलंबाचें मूळ कोणाच्या आडमुठेपणांत शोधण्यापेक्षां कसोट्यांत शोधलें पाहिजे. नियम शब्दांत लिहिलेला असतो, आणि शब्दांचा अर्थ प्रत्येक कंपनीचे अभियंते आपापल्या परीनें लावतात. १९९८ पासून ‘ॲसिड’ नांवाच्या कसोट्या निघाल्या. त्यांतील पहिल्या दोहोंत एखादें चित्र बरोबर उमटतें कीं नाहीं एवढें पाहिलें जाई. २००५ सालच्या दुसऱ्या आणि २००८ सालच्या तिसऱ्या कसोटीनें ब्राउझरवाल्यांत चांगलीच चुरस लागली. परंतु स्थिर चित्राची परीक्षा घेणें सोपें. चालतें पान कोठें थांबलें याची परीक्षा घ्यावयाची तर यंत्राला बोट असावें लागतें. पुढें सर्व कंपन्यांनीं मिळून वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स नांवाचा एक सामाईक कसोटीसंग्रह वाढविला. त्यांत आज लक्षावधि बारीक बारीक कसोट्या आहेत, कोणीहि नवी कसोटी घालूं शकतो, आणि कोणता ब्राउझर कोठें नापास होतो हें सर्वांना उघड दिसतें. बोट ओढण्याची, चाक फिरविण्याची नक्कल करणारी व्यवस्थाहि त्यांत झाली.

या पायावर २०२१ सालीं एक उपक्रम सुरू झाला व २०२२ च्या मार्चांत तो ‘इंटरॉप’ या नांवानें पुढें आला. ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला हे एकमेकांचे स्पर्धक, आणि त्यांच्यासह बोकूप नि इगालिया या दोन संस्था एका मेजाभोंवतीं बसल्या आणि त्या वर्षीं कोणते विषय सर्वांनीं मिळून नीट करावयाचे याची यादी त्यांनीं ठरविली. त्या पहिल्याच यादींत सरकणें हा एक विषय होता आणि पडद्याच्या उंचीचीं तीन मापें हा दुसरा. वर २०२२ हें साल पुन्हां पुन्हां कां आलें, याचा उलगडा येथें होतो. जें एकाच्या सत्तेनें झालें नाहीं आणि नुसत्या लिखित नियमानेंहि झालें नाहीं, तें प्रगतिपुस्तक उघड्यावर टांगल्यानें एका वर्षांत झालें. सरकणें नेमकें केव्हां संपलें हें प्रोग्रामला कळविणारी सूचना फायरफॉक्स आणि क्रोम यांनीं २०२३ सालीं घेतली होती. ती २०२५ च्या यादींत घालण्यांत आली. मजकूर न हलतां पट्टीसाठीं जागा राखून ठेवण्याची सोयहि क्रोममध्यें २०२१, फायरफॉक्समध्यें २०२२ आणि सफारींत २०२४ च्या अखेरीस, अशी क्रमानें पोहोंचली.

आतां सारखेपणा म्हणजे कोठवर, हा प्रश्न उरतो, आणि त्याचें उत्तर नियम करणाऱ्यांनीं शहाणपणानें दिलें आहे असें म्हटलें पाहिजे. पान कोठें थांबावें हें नियमानें ठरविलें; तेथवर तें कोणत्या चालीनें जावें हें मुद्दाम ब्राउझरावर सोडलें. आयफोनवर पान ताणून परत येतें, अँड्रॉइडवर कडेला पूर्वीं उजेड पडे व २०२१ पासून मजकूरच किंचित ताणला जातो. ज्याला ज्या यंत्राची संवय, त्याला त्याची चाल नैसर्गिक वाटते. ती सर्वत्र एक करण्याचा हट्ट धरला असता तर प्रत्येकाचाच हात चुकला असता. शिवाय कांहीं माणसांना पडद्यावरील संथ घसरणीनेंच घेरी येते, मळमळतें. आयफोनमध्यें हालचाल कमी करण्याची सोय २०१३ सालीं झाली, आणि वाचकानें ती निवडली आहे काय हें पानास विचारतां येईल असा नियम सफारीनें २०१७ सालीं आणला. पुढें तो इतरांनींहि घेतला. गंमत अशी कीं संथ सरकण्याच्या बाबतींत सर्वांच्या मागें राहिलेला ब्राउझर या बाबतींत सर्वांच्या पुढें होता.

इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजीं निवृत्त झाला. परंतु त्याच्या काळांत लिहिलेलीं पानें निवृत्त झालीं नाहींत. गांवोगांवच्या शाळांचीं, सहकारी संस्थांचीं, हौशी इतिहासलेखकांचीं पानें वीस-पंचवीस वर्षांमागें जशीं रचलीं तशींच कोठें कोठें उभीं आहेत, आणि तीं रचणाऱ्यांना आज गांठतां येईलच असें नाहीं. म्हणून प्रत्येक नव्या ब्राउझरांत एक जुन्या वळणाची खोली राखून ठेवलेली असते. पानाच्या अगदीं आरंभीं प्रमाण नियमांची खूण नसेल तर ब्राउझर तें पान त्या खोलींत नेऊन उघडतो, आणि तेथें पुन्हां बॉडीच सरकते, १९९९ सालीं सरकत असे तशी.